माणशी एक मिलिलिटर

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार भरली. कोरोनाच्या लसीचा एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा, म्हणजे दोन डोसांना माणशी एक मिलिलिटर. चंदगडपासून शिरोळपर्यंत, पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येकाला दोन्ही डोस द्यायचे म्हटले असते तरी सगळी लस मिळून ३,८७६ लिटर झाली असती. दुधाचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो; तो निम्मासुद्धा भरला नसता. आरोग्य खात्याच्या कोल्हापूर परिमंडळात सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही येतात. चारही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ९२ लाख. त्यांच्या दोन डोसांची लस ९,२०० लिटर. टँकर तोच, एकच.

हिशेब देशापर्यंत नेऊ. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि १७ जुलै २०२२ ला दिलेल्या डोसांचा आकडा २०० कोटींवर गेला. दीड वर्षात दोनशे कोटी टोचण्या, आणि त्या सगळ्यांतली लस एकत्र ओतली तर दहा लाख लिटर. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ एका दिवसात याहून जास्त दूध गोळा करतो.

म्हणजे अख्ख्या देशाला पुरलेली लस कोल्हापूरच्या एका दिवसाच्या दुधापेक्षा कमी होती. मग अडलं कुठे? केंद्रांबाहेर पहाटेपासून रांगा का लागल्या, 'आज लस उपलब्ध नाही' अशा पाट्या का झळकल्या? लस हा पातळ पदार्थ असला तरी तो तयार होतो करारांतून. कुणाचं संशोधन, कुणाचा कारखाना, कुणाचा पैसा, कुणाची जोखीम आणि कुणाचा दंड, यांची सांगड कागदावर बसल्याशिवाय कुपीत थेंब येत नाही. औषधउद्योगातले आकडे डोळे दिपवतात, पण त्या आकड्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादी सही असते. या लेखात मला त्या सह्यांबद्दल सांगायचं आहे.

आधी तो अर्धा मिलिलिटर जवळून पाहू. कोव्हिशिल्डच्या एका डोसात ५,००० कोटी विषाणूकण असतात. चिंपांझींमध्ये आढळणारा सर्दीचा एक ॲडिनोव्हायरस, त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकलेली आणि त्याच्या अंगात कोरोनाच्या पृष्ठभागावरच्या काट्याचा नकाशा भरलेला. एका कणाचा व्यास साधारण ९० नॅनोमीटर. एका डोसातले कण एकाला एक लावून ओळीत मांडले तर रांग साडेचार किलोमीटरची होते. कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनातून निघाली तर ती रंकाळ्यापर्यंत सहज पोहोचेल. भारतात कोव्हिशिल्डचे सुमारे १७५ कोटी डोस दिले गेले. त्या सगळ्यांची रांग जवळजवळ ७८७ कोटी किलोमीटर. सूर्यापासून नेपच्यून ४५० कोटी किलोमीटरवर आहे आणि प्लूटो सरासरी ५९० कोटींवर. रांग दोघांनाही मागे टाकते. आणि सरकारने पहिल्या खरेदीत या डोसाला मोजले करांशिवाय २०० रुपये, म्हणजे रुपयाला २५ कोटी कण.

हे कण बनवायची कृती ऑक्सफर्ड विद्यापीठाची. पण विद्यापीठाकडे शंभर कोटी डोसांचा कारखाना नसतो. एप्रिल २०२० च्या अखेरीस ऑक्सफर्डने ॲस्ट्राझेनेकाशी हात मिळवला, त्यात महासाथ असेपर्यंत नफा घ्यायचा नाही अशी अट होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ॲस्ट्राझेनेकाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला परवाना दिला: गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १०० कोटी डोस. ऑगस्टमध्ये गावी ही लसीकरणाची जागतिक संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी सीरमला १५ कोटी डॉलरचं बळ दिलं. लस मंजूर होईल की नाही हे कुणालाच माहीत नसताना दिलेला हा पैसा. बदल्यात १० कोटी डोस आणि डोसाला जास्तीत जास्त ३ डॉलर दर. दोन महिन्यांच्या आत तो आकडा २० कोटी डोसांवर गेला. २६ ऑगस्टला पुण्याच्या भारती रुग्णालयात पहिल्या स्वयंसेवकांना भारतीय चाचणीतला डोस मिळाला. १,६०० स्वयंसेवकांच्या त्या चाचणीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, भागीदार होती आणि तिचा अंदाजे ११ कोटी रुपयांचा खर्च सरकारने उचलला.

विद्यापीठ, बहुराष्ट्रीय कंपनी, पुण्याचा कारखाना, देणगीदार संस्था, सरकारी परिषद, सोळाशे स्वयंसेवक. एका कुपीला सहा पक्ष. सीरमच्या मांजरी इथल्या कारखान्यातून १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पहिले ट्रक निघाले तेव्हा प्रत्येक खोक्याचं वजन ३२ किलो होतं. त्यातल्या एकेका कुपीमागे करारांचा जो कागद होता, तो वजनात धरला तर खोकं उचललं नसतं.

एवढे पक्ष लागतात कशाला? एकच कंपनी सगळं का करत नाही? उत्तर खर्चात आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये एका नव्या औषधाचा खर्च २६० कोटी डॉलर काढला. फसलेल्या औषधांचा खर्च आणि इतकी वर्षं अडकलेल्या भांडवलाचं व्याज त्यात धरलेलं आहे. डॉलरला ८५ रुपये धरले तर २२,१०० कोटी रुपये. ही रक्कम कोल्हापूर जिल्ह्याने उभी करायची ठरवली तर वाटा माणशी ५७ हजार रुपये येतो, पाच जणांच्या घराला २ लाख ८५ हजार. औषध एक. या आकड्यावर वाद आहे आणि तो रास्त आहे, कारण त्यामागची माहिती कंपन्यांनीच पुरवलेली होती. २०२० मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जाहीर हिशेबांवरून मांडणी केली तेव्हा मध्यक ९८.५ कोटी डॉलर निघाला. तोही कोल्हापूरकराला माणशी एकवीस-बावीस हजारांचा पडतो. माझं मत विचाराल तर दुसरा आकडा जास्त विश्वासाचा आहे, पण दोन्हींतून निष्कर्ष एकच निघतो.

त्यात फसण्याचं प्रमाण बघा. माणसांवरच्या चाचणीत उतरलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एक बाजारात येतं. दहा ते पंधरा वर्षं जातात. आपल्याकडे दोन म्हशींचा शेतकरी स्वतःचा टँकर घेत नाही, शीतकरण केंद्र उभारत नाही, मुंबईला दूध विकायला जात नाही. गावची संस्था, तालुक्याचं केंद्र आणि जिल्ह्याचा संघ मिळून ते करतात आणि फॅट पाहून प्रत्येकाचा दर ठरतो. औषधाच्या जगातही जोखीम अशीच वाटली जाते. फरक एवढाच की तिथे दराचा तक्ता भिंतीवर लावलेला नसतो, प्रत्येक करार वेगळा आणि बहुतेक वेळा गोपनीय.

तरी त्यांचे काही ठळक प्रकार ओळखता येतात. पहिल्यात छोट्या कंपनीकडे कल्पना असते, मोठीकडे पैसा आणि चाचण्यांचं जाळं: जर्मनीच्या बायोएनटेकला फायझरने २०२० मध्ये सुरुवातीलाच १८.५ कोटी डॉलर दिले, पुढच्या टप्प्यांवर ५६ कोटींपर्यंत देण्याचं कबूल केलं आणि नफा निम्मा-निम्मा ठरला. त्यांच्या चाचणीत ४४ हजारांच्या आसपास लोक होते, कागलसारख्या शहराहून जास्त. दुसरा प्रकार स्पर्धकांनीच एकत्र येण्याचा, जिथे अजून विकण्याजोगं काही नसतं त्या मूलभूत संशोधनासाठी. युरोपात २००८ पासून सरकारी निधी आणि कंपन्या यांनी मिळून अशा एकाच उपक्रमात ५०० कोटी युरोंहून जास्त रक्कम घातली. भारतात केंद्र सरकारने २०१७ मध्ये जागतिक बँकेच्या निम्म्या भागीदारीने १,५०० कोटींचं राष्ट्रीय बायोफार्मा मिशन सुरू केलं. तिसरा प्रकार निव्वळ कंत्राटाचा, ठरलेलं काम ठरलेल्या पैशात. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी कारखाना यांच्या नात्याबद्दल मात्र आहे, कारण त्यातलं एक महत्त्वाचं उदाहरण आपल्याच भागात घडलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांच्या भागीदारीतूनच जन्मली. पाचच वर्षांनी तिथल्या शास्त्रज्ञांनी शिमोग्याच्या जंगलात माकडं का मरतात याचा शोध घेतला आणि क्यासनूर जंगलाच्या तापाचा विषाणू हाती आला. हाच माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना गाठतो आहे.

याच संस्थेने २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा करून हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला आणि कोव्हॅक्सिन तयार झाली. चाचणीसाठी सुरुवातीला निवडलेल्या बारा संस्थांत बेळगावचं जीवनरेखा रुग्णालय होतं, गोव्यात पेडण्याचं रेडकर रुग्णालय होतं आणि नागपूरचं गिल्लूरकर रुग्णालय होतं. मोठमोठ्या सरकारी संस्थांच्या यादीत ही तीन नावं वाचताना मला विलक्षण समाधान वाटलं होतं. तिसऱ्या टप्प्यात देशभर २५,८०० स्वयंसेवक होते. चाचणीवरचा सरकारचा अंदाजे खर्च ३५ कोटी, म्हणजे स्वयंसेवकामागे साडेतेरा हजार रुपये. करारात आयसीएमआरला विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी ठरली होती. जानेवारी २०२२ अखेर त्यातून १७१ कोटींहून जास्त रक्कम परिषदेकडे आली, असं सरकारने संसदेत सांगितलं. चाचणीवर घातलेल्या पैशाच्या जवळजवळ पाचपट, दोन वर्षांच्या आत. सरकारी संशोधन म्हणजे पैसा पाण्यात, असं म्हणणाऱ्यांनी हा एक आकडा पाठ करावा.

पण सगळे करार फळत नाहीत. जगातल्या गरीब देशांनी लसवाटपाच्या कोव्हॅक्स योजनेत आपली बरीचशी भिस्त एका पुण्याच्या कारखान्यावर ठेवली होती. मार्च २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. तोवर कोव्हॅक्सला सीरमकडून २ कोटी ८० लाख डोस मिळाले होते. मार्च-एप्रिल मिळून आणखी ९ कोटींची अपेक्षा होती. ते नोव्हेंबरपर्यंत अडले. आपल्याच गावात खाटा आणि ऑक्सिजन मिळत नसताना लस बाहेर पाठवा असं कोण म्हणेल? पण आफ्रिकेतल्या परिचारिकेची बाजूही तितकीच खरी होती, तिला पहिला डोस मिळाला होता आणि दुसऱ्याचा पत्ता नव्हता. करारात एकच पुरवठादार असेल तर एका देशाची लाट दहा देशांना बुडवते.

दुसरं उदाहरण मुंबईचं. कोव्हॅक्सिनचं तंत्रज्ञान परळच्या हाफकिनला द्यायचं ठरलं. हाफकिन महामंडळ राज्य सरकारचं. केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी कबूल केले, वर्षाला २२ कोटी ८० लाख डोस बनतील असं जाहीर झालं. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या प्रत्येक माणसाला दोन डोस देऊन उरेल एवढा तो आकडा. महासाथ ओसरली, पण तिथून लस बाहेर आली नाही. तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणजे कृतीचा कागद हातात देणं नव्हे. जिवंत विषाणू हाताळणारी बंदिस्त इमारत, तिची हवा, तिचं सांडपाणी, तिथे हात बसलेली माणसं, हे सगळं उभं करायला वर्षं लागतात. याच हाफकिनच्या प्लेगच्या लसीचे १८९७ ते १९२५ या काळात २ कोटी ६० लाख डोस मुंबईतून बाहेर गेले होते, वीज आणि शीतगृहं दुर्मीळ असताना. त्या परंपरेच्या संस्थेवर ही वेळ यावी याचं मला मनापासून दुःख आहे.

आता ज्या करारावर मी सगळ्यात जास्त जीव लावून लिहीन, तो.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या कमरेला बांधल्यासारखा २६ देशांचा एक पट्टा आहे. कोरड्या महिन्यांत धुळीचे वारे सुटले की तिथे मेनिंजायटिसची साथ यायची, मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाला सूज. सकाळी खेळणारं पोर रात्री बेशुद्ध. उपचार नसेल तर निम्मे मरतात. वाचलेल्यांतली बरीच मुलं बहिरी होतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले. जीवाणू ओळखीचा होता, 'ए' गटाचा मेनिंगोकॉकस. त्यावर टिकाऊ लस कशी करायची हेही माहीत होतं. पण श्रीमंत देशांत 'ए' गट नव्हता, म्हणून बाजार नव्हता, म्हणून लस नव्हती.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही अमेरिकी ना-नफा संस्था यांनी मिळून एक प्रकल्प उभा केला. गेट्स फाउंडेशनने दिले ७ कोटी डॉलर. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. त्यांनी आधी आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं की तुम्हाला काय परवडेल. उत्तर आलं: डोसाला ५० सेंटपेक्षा कमी. नेहमीच्या पद्धतीत औषध आधी बनतं आणि किंमत शेवटी ठरते. इथे किंमत पहिल्या ओळीत लिहिली गेली आणि लस तिच्या मापाने बेतली गेली. मोठ्या कंपन्यांना हे जमणारं नव्हतं. पुण्याच्या सीरमने होकार दिला.

मग तुकडे जमवले गेले. जीवाणूच्या कवचातली शर्करा सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून. ती ज्याला जोडायची ते धनुर्वाताचं प्रथिन सीरमकडचं. आणि दोघांना जोडायची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतली, नगण्य शुल्कात दिलेली. ही जोडणी लसीचा प्राण असते. नुसती शर्करा टोचली तर लहान मुलाचं शरीर ती लक्षात ठेवत नाही. प्रथिनाला बांधून दिली की ठेवतं. ते काम शिकायला सीरमचे शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन आले. तीन खंड आणि एक परवडणारा दर.

मेनआफ्रिव्हॅक तयार झाली. किंमत ४० सेंट. डिसेंबर २००९ मध्ये भारताची मंजुरी, जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची, आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू. एक ते २९ वर्षांच्या १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांना काही आठवड्यांत लस दिली गेली, आपल्या परिमंडळाच्या चारही जिल्ह्यांहून मोठी लोकसंख्या. चाडमध्ये जिथे लस दिली तिथे पुढच्या हंगामात मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी निघालं. पुढे ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवायलाही मान्यता मिळाली; अशी परवानगी मिळालेली ती आफ्रिकेतली पहिली लस. बर्फाची पेटी न घेता वाळवंटातल्या वस्तीवर जाता येणं म्हणजे काय, हे राधानगरीच्या धनगरवाड्यांवर लस घेऊन चढलेल्या आशाताईंना सांगावं लागणार नाही.

३० कोटींहून जास्त लोकांना ती टोचून झाली. 'ए' गटाची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली. गेट्सच्या सात कोटी डॉलरचा भागाकार केला तर माणशी २३ सेंट, आजच्या दराने वीस रुपयांच्या आतबाहेर. कसल्याही अभिनिवेशाशिवाय सांगतो, पुण्यात घडलेल्या गोष्टींत ही सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती असायला हवी. त्याच जोडीने, पाथ आणि सीरमने, पुढे तेरा वर्षं खपून पाच गटांवर चालणारी लस केली. नायजेरियाने २०२४ मध्ये ती पहिल्यांदा वापरली. ऑक्सफर्ड, सीरम आणि नोव्हावॅक्स यांची मलेरियाची आर-२१ लस चार आफ्रिकी देशांतल्या ४,८०० मुलांवर तपासली गेली आणि २०२३ मध्ये तिची शिफारस झाली. दर दोन ते चार डॉलर, वर्षाला दहा कोटी डोसांची तयारी.

हे सगळं वाचल्यावर साहजिक वाटतं की गरिबांच्या रोगासाठीही करार होऊ शकतो तर आपल्या दारातल्या मरणासाठी का झाला नाही?

दारातलं मरण म्हणजे सर्पदंश. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात १२ लाख माणसं साप चावून मेली. कोल्हापूर जिल्ह्याच्या लोकसंख्येचा तिसरा हिस्सा. वर्षाला सरासरी ५८ हजार, दिवसाला १५९, दर नऊ मिनिटांना एक. बहुतेक खेड्यात, पावसाळ्यात, शेतात किंवा अंधाऱ्या घरात. उसाच्या फडात पाचट काढणाऱ्या बाईचा हात घोणशीवर पडतो, तेव्हा ती या आकड्यात जाण्यापासून एका कुपीच्या अंतरावर असते.

ती प्रतिविषाची कुपीही जवळून पाहू. आत पांढरी भुकटी. १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवायची, पण हलवायची नाही. हलवली तर फेस येतो आणि प्रथिनं बिघडतात. तळहातांत धरून हळूहळू फिरवत राहायची. बाहेर नातेवाइकांचा आक्रोश चालू असताना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला हे करावं लागतं, आणि एक नव्हे, सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. प्रतिविषाचा एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. शंभर मिलिलिटरला ६० मिलिग्रॅम. दहा कुप्यांचा हिशेब तिथून आला आहे. कोरोनाचा डोस अर्ध्या मिलिलिटरचा होता. इथे एका माणसासाठी त्याच्या दोनशेपट द्रव शिरेतून जातो.

हे औषध बनतं घोड्यांच्या रक्तापासून. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचत जातात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती गाळून भुकटी करतात. मूळ रीत शंभर वर्षांहून जुनी. आणि घोड्यांचं नातं आपल्याकडे पक्कं आहे: पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या पागेतले निवृत्त घोडे हाफकिनला रक्तजलासाठी जायचे, त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. वारणेच्या पलीकडे, नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्यात आयसेरा बायोलॉजिकल ही कंपनी प्रतिविष बनवते. २०२१ मध्ये तिने सीरमच्या मदतीने निवडलेलं प्रतिजन घोड्यांना देऊन कोरोनावरची प्रतिपिंडं तयार केली होती. लहान गावातल्या कंपनीने जगातल्या सर्वांत मोठ्या लसउत्पादकाबरोबर काम केलं, एवढी गोष्ट आपल्या पंचक्रोशीत घडलेली आहे.

अडचण विषाची आहे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतांश विष एका ठिकाणाहून येतं: तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची १९७८ मध्ये स्थापन झालेली साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था. ही माणसं साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. सहकाराच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला त्यांच्याबद्दल आदरच वाटावा. पण चेन्नईजवळच्या घोणशीचं विष आणि सह्याद्रीतल्या घोणशीचं विष एकसारखं नसतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या सापांचं विष तपासून हे दाखवून दिलं आहे, की बाजारातलं प्रतिविष काही भागांत कमी पडतं. शिवाय चार जातींपलीकडचे विषारी सापही आहेत. पश्चिम घाटातल्या चापडा या सापावर ते प्रतिविष चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने २०१९ मध्ये ८ कोटी पौंड जाहीर केले. भारताने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे, म्हणजे वर्षाला २९ हजार माणसं वाचवायची. विज्ञान हाताशी आहे, घोडे आहेत, कारखाने आहेत, ग्राहकही ठरलेला आहे, कारण बहुतेक खरेदी सरकारच करतं. मेनआफ्रिव्हॅकच्या कराराला लागलेले जवळजवळ सगळे तुकडे महाराष्ट्राच्या हद्दीत पडून आहेत: हाफकिन, पुण्याच्या प्रयोगशाळा, शिराळ्याची पागा, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूरच्या सीपीआरसारखी रुग्णालयं जिथे दर पावसाळ्यात हे रुग्ण येतात. नाही ती फक्त सांगड: स्थानिक विषाचं संकलन, त्यावर बेतलेलं प्रतिविष, रुग्णालयांत रीतसर चाचणी आणि सरकारची पाच-दहा वर्षांच्या खरेदीची लेखी हमी.

त्या कराराची पहिली सही वनखात्याची लागेल. साप वन्यजीव कायद्याखाली येतात आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रातल्या एकाही घोणशीचं विष काढता येत नाही. दुसरी सही आरोग्य खात्याची, खरेदीच्या हमीवर. दोन्ही खात्यांचे मंत्री मुंबईच्या मंत्रालयातच बसतात.